चिठ्ठीवर लिहिलेलं चालणं

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर गोळीच्या नावाखाली एक ओळ होती : 'चालणे, रोज १० मिनिटे. सोबत कुणीतरी हवे. १० च्या वर नको.' नैराश्यावरच्या माझ्या उपचारात ही ओळ अमलात कशी आली, तिनं काय दिलं आणि काय दिलं नाही, ते मला सांगायचं आहे. आजारपणात 'व्यायाम कर, मन आपोआप ताजं होतं' हे मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलं, की त्या बोलण्यात आणि चिठ्ठीवरच्या ओळीत किती अंतर आहे हे कुणीतरी नीट मांडायला हवं असं मला मनापासून वाटतं.

मी शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात हिशेब बघते. सोलापुरात चादर-टॉवेलच्या जोडीनं आता हाही मोठा धंदा आहे. फेब्रुवारीपासून जूनपर्यंत आम्हाला जेवायला उसंत नसते. शाळा सुरू झाल्या, उधारीची वसुली मार्गी लागली, की पावसाळ्यात जरा हात मोकळे होतात. त्या वर्षी हात मोकळे झाले आणि मी उठेनाशी झाले. काही घडलं नव्हतं. घरात सगळे धडधाकट, मुलगा पुण्यात शिकायला, मुलगी नववीत, नवरा नोकरीत. पहाटे तीनला जाग यायची ती यायचीच. सकाळी भाकरी थापायला बसले की पीठ मळून तसंच परातीत राहायचं. मुलगी शाळेतलं काही सांगायची. तिचं वाक्य संपेपर्यंत मी त्याची सुरुवात विसरलेली असायची. कारखान्यात जीएसटीचं रिटर्न भरायची तारीख जवळ यायची आणि मी स्क्रीनवरच्या त्याच त्या आकड्यांकडे बघत राहायची. रडू येत नव्हतं. आलं असतं तर घरच्यांना लवकर कळलं असतं.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी आधी रक्त तपासायला लावलं : हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२. थायरॉइड कमी पडलं, रक्त कमी झालं, तरी माणूस असाच गळून जातो, म्हणून ते आधी बघायचं असतं. माझं हिमोग्लोबिन थोडं कमी निघालं, त्याच्या गोळ्या सुरू झाल्या, बाकी सगळं ठीक होतं. तेव्हा त्यांनी सरळ सांगितलं, 'हे माझ्या हातातलं नाही, मानसोपचारतज्ज्ञांकडे जा.' घरात कुणी अडवलं नाही. पण कुठं जायलोय हे गल्लीत सांगायचं नाही, हे कुणी न बोलताच ठरलं.

तिथं एक प्रश्नावली भरून घेतली. तिला पीएचक्यू-९ म्हणतात. नऊ प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांतल्या अवस्थेबद्दल. प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. दहाच्या पुढं मध्यम नैराश्य, पंधराच्या पुढं बऱ्यापैकी तीव्र, वीसच्या पुढं तीव्र. माझे १९ भरले. हिशेबाच्या कामातली बाई मी, आकडा समोर आल्यावर मला पहिल्यांदा धीर आला. हे माझं नाटक नाही, आळस नाही, याला मोजमाप आहे.

डॉक्टर बाईंनी एसएसआरआय या नैराश्यावरच्या औषधांच्या गटातली एक गोळी लिहिली. तिचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतील, कधी सहाही लागतात, सुरुवातीला मळमळ होईल, ती थांबेल, हिची चटक लागत नाही पण मनानं एकदम बंद करायची नाही, असं सगळं नवऱ्यालाही समोर बसवून सांगितलं. दर आठवड्याला समुपदेशकाकडे बसायचं ठरलं. आणि मग ती तिसरी गोष्ट लिहिली. मी म्हणाले, 'मॅडम, मला अंघोळीला उठवत नाही. चालू कुठनं?'

'म्हणून तर दहाच मिनिटं लिहिलीत,' त्या म्हणाल्या. 'तुम्ही उद्या जोर लावून तासभर चालाल. परवा उठवणार नाही. आणि ते न उठणं तुम्ही स्वतःच्या नावावर खर्ची टाकाल. दहा मिनिटं झाली की पायांत जोर असला तरी परत फिरायचं.'

पुढचं त्यांनी कागदावर गोल काढून समजावलं. नैराश्यात माणूस आधी हौसेच्या गोष्टी सोडतो, मग माणसं सोडतो, मग गरजेची कामंही. जेवढं सुटतं तेवढी बरं वाटायची ठिकाणं कमी होतात, मन आणखी खाली जातं, आणखी काही सुटतं. हे चक्र उलटं फिरवायचं. आपल्याला सवय असते, आधी वाटलं पाहिजे आणि मग करायचं. इथं आधी करायचं. वाटणं मागनं येईल, आणि कधी येईल याची वाट बघत बसायचं नाही. याला बिहेवियरल ॲक्टिव्हेशन म्हणतात आणि नैराश्यावरच्या मान्य उपचारांत ते बसतं, हे मला पुढं समुपदेशकानं सांगितलं. चालणं हा त्यातला एक भाग.

मग त्यांनी विचारलं, 'सोबत कोण येणार?' मी म्हणाले, बघते कुणीतरी. त्या पेन हातात धरून थांबल्या. नाव सांगितल्याशिवाय चिठ्ठी द्यायला तयार नव्हत्या. नवऱ्याची ड्युटी पाळीची, तो रोज एका वेळेला घरी नसतो. मुलीची सकाळची शाळा. शेवटी नवरा म्हणाला, शेजारच्या अक्का.

अक्का म्हणजे आमच्या शेजारच्या पद्मशाली बाई. साठीच्या. आयुष्य शहराच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत गेलं, घरी माग होता, पुढं तो विकला, विड्या वळून मुली शिकवल्या आणि मुलानं विजापूर रस्त्याला घर बांधल्यावर इकडं राहायला आल्या. त्यांना साखर आहे, त्यांच्याही डॉक्टरांनी चालायला सांगितलेलं होतं. नवऱ्यानं त्यांना काय सांगितलं मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी पावणेसहाला फाटकाची कडी वाजली आणि 'ये की गं' अशी हाक आली.

पहिले काही आठवडे मला त्या हाकेचा राग यायचा, हे स्पष्ट सांगते. चालून आल्यावर 'प्रसन्न वाटतं' असं जे सगळीकडे लिहिलेलं असतं, तसलं मला काहीही वाटलं नाही. पाय ओले झाल्यासारखे जड. गल्लीच्या टोकाला विजेचा डांब आहे, तिथवर जाऊन परत. समोरच्या बंगल्याच्या पायरीवर कुणी दात घासत बसलेलं असलं तर माझी छाती धडधडायची, आता हे काहीतरी विचारणार. विचारायचेच. 'वजन कमी करायलाव काय?' अक्का परस्पर उत्तर द्यायच्या, 'मला साखर हाय, एकटीला भ्या वाटतंय, म्हणून आणलंय हिला.' हे त्यांनी आपणहून ठरवलं होतं. माझ्या आजाराबद्दल त्यांनी कधी एक प्रश्न विचारला नाही. कुठल्या गल्लीत कुणाचे माग बंद झाले, यंदा शेंगा काय भावानं घेतल्या, हैदराबादच्या जावयाचं काय चाललंय, एवढंच बोलायच्या. मी 'हूं' म्हटलं तरी पुरायचं, आणि नाही म्हटलं तरी चालायचं.

उठवतच नाही अशा दिवसांसाठी समुपदेशकानं एक पायरी सांगितली होती. बूट घालायचे आणि उंबऱ्यावर बसायचं. तेवढं झालं की त्या दिवसाचं काम झालं. वहीत तसं लिहायचं : 'बूट घातले.' कोरी जागा सोडायची नाही आणि फुलीही मारायची नाही. अशा दिवशी अक्का येऊन पायरीवर माझ्याशेजारी बसायच्या. कधी कधी तिथनं उठून चार घरं पुढं जाऊन यायचो, कधी नाही.

सोलापुरात पहाटेची वेळ ठरवणं सोपं नाही, हे इथल्या माणसाला वेगळं सांगायला नको. नळाला काही दिवसांआड पाणी येतं, आणि ज्या दिवशी येतं त्या दिवशी घरातल्या बाईला पाण्याशिवाय दुसरं काही सुचत नाही. टाकी, पिंप, हंडे, बादल्या. माझ्या वहीत पाण्याच्या दिवसाला वेगळी खूण होती, त्या दिवशी संध्याकाळचं चालणं. डॉक्टर बाईंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी ते चिठ्ठीवर लिहून दिलं. मला ते फार मोलाचं वाटलं. माझ्या घरी पाणी कधी येतं हे धरून उपचार ठरतोय, म्हणजे तो मला झेपावा असं कुणाला तरी वाटतंय.

सासूबाई म्हणायच्या, 'घरात दिवसभर वाकून-उठून होतंय तेवढा व्यायाम पुरे की.' त्यांच्या बोलण्यात आकस नव्हता, त्यांचं आयुष्यच तसं गेलंय. पण हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो, कारण पुष्कळ बायकांना हेच ऐकवलं जातं. धुणं-भांडी करताना शरीर हलतं हे खरं. पण मनावर होणारा गुण बघणारे अभ्यास सांगतात, की मोकळ्या वेळात स्वतःसाठी केलेल्या हालचालीचा आणि चांगल्या मनःस्थितीचा संबंध दिसतो, घरकामाचा तसा दिसत नाही. मला याचं नवल वाटलं नाही. घरकामात माझी निवड कुठंच नव्हती. गल्लीच्या टोकापर्यंत जाण्यात होती.

दहाची पंधरा मिनिटं झाली ती दिवाळीनंतर. तोवर गोळीचा गुणही यायला लागला होता आणि झोप सुधारली होती. कशामुळं काय सुधारलं हे मला वेगळं काढून सांगता येणार नाही आणि कुणी सांगावं असंही वाटत नाही. तिन्ही गोष्टी एकत्रच चालू होत्या. पहिला बदल आनंदाचा नव्हता, भुकेचा होता. एका सकाळी परत आल्यावर मी डब्यातली कडक भाकरी मोडली, शेंगाचटणी आणि तेल घेतलं आणि उभ्या-उभ्याच खाल्ली. मुलगी बघत राहिली. कित्येक दिवसांत मी मागून काही खाल्लं नव्हतं.

संक्रांतीच्या गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या दिवसांत अक्कांनी हट्टानं नंदीध्वजाच्या मिरवणुकीला नेलं. पांढऱ्या बाराबंदीतली माणसं एवढाल्या उंच काठ्या तोलत अडुसष्ट लिंगांच्या वाटेनं निघतात, तो सोहळा मी लहानपणापासून बघत आलेय. त्या गर्दीत मला काही साक्षात्कार झाला नाही. घरी येऊन चपला काढताना लक्षात आलं, की आपण दोन-अडीच तास उभ्या होतो, चाललो, आणि मधे एकदाही घरी जावंसं वाटलं नाही. समुपदेशकानं त्या आठवड्यात वहीतली ती ओळ दोनदा वाचली.

वेळ वाढली तशी आम्ही गल्ली सोडून कंबर तलावाकडे जायला लागलो. त्याला आता धर्मवीर संभाजी तलाव म्हणतात, पण अक्कांच्या तोंडी कंबर तलावच. वेगाचं माप डॉक्टरांनी सोपं दिलं होतं : चालता चालता बोलता यावं, गाणं मात्र म्हणता येऊ नये. मध्यम श्रमाची ती खूण. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली मोठ्या माणसांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम आणि दोन किंवा जास्त दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम सांगितला आहे. आमचं उद्दिष्ट त्यातलं खालचं टोक, अर्धा तास आणि आठवड्यातले पाच दिवस. तिथवर पोचायला उन्हाळा उजाडला.

आणि आमचा उन्हाळा! एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि रात्रीही भिंती तापलेल्या असतात. या गोळ्यांनी काही जणांना घाम जास्त येतो, मला येत होताच. म्हणून निघायची वेळ साडेपाचच्याही आधी ओढली, निघताना पाणी, आल्यावर मीठ घातलेलं ताक. उकाड्यानं रात्रभर झोप झाली नाही तर दुसऱ्या दिवशी चालणं निम्म्यावर आणायचं, हेही ठरलेलं. झोप मोडली की माझं मन लगेच खाली येतं, त्यामुळं झोपेचा बळी देऊन व्यायाम करायचा नाही, असं डॉक्टर बाईंनी दोनदा बजावलं होतं. त्यात कारखान्यात सीझन. तरी त्या दोन महिन्यांत मी टिकले आणि रिटर्नही वेळेवर भरली.

अर्धा तास नीट जमायला लागल्यावर फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. तिनं ताकदीचे व्यायाम दिले. खुर्चीवरनं हात न टेकता उठायचं-बसायचं, भिंतीला हात लावून दंड, रबरी पट्टा ओढायचा, पाण्यानं भरलेल्या लिटरच्या बाटल्या उचलायच्या. हे मला चालण्यापेक्षा आवडलं. आज दहा वेळा जमलं, पुढच्या आठवड्यात बारा वेळा जमलं, हे डोळ्यांना दिसतं. नैराश्यात आपल्या हातून काही होत नाही याची इतकी खात्री पटलेली असते, की असा खोडता न येणारा पुरावा रोज समोर लागतो.

हे सगळं कशाच्या आधारावर, असं मी विचारलं होतं आणि नंतर स्वतःही वाचलं. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात १९९९ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. पन्नाशीच्या वरचे, नैराश्य असलेले १५६ जण. एका गटाला सर्ट्रालिन ही गोळी, एका गटाला आठवड्यातून तीनदा देखरेखीखाली व्यायाम, एका गटाला दोन्ही. १६ आठवड्यांनी तिन्ही गटांत जवळपास सारखी सुधारणा दिसली. हा भाग सगळे सांगतात. पुढचा फारसा कुणी सांगत नाही : सुरुवातीच्या आठवड्यांत गोळीवाल्यांना लवकर उतार पडला. ज्याला आजचा दिवस काढणं अवघड आहे त्याच्यासाठी त्या काही आठवड्यांची किंमत किती, हे मी सांगू शकते. २०२४ साली बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात २१८ प्रयोगांचा, १४ हजारांहून जास्त माणसांचा एकत्र आढावा आला. चालणं किंवा हळू पळणं, योग आणि ताकदीचे व्यायाम यांचा गुण त्यात चांगला दिसला, आणि श्रम जास्त तसा गुण जास्त असंही दिसलं. त्याआधीच्या, कॉक्रेन या संस्थेच्या २०१३ च्या आढाव्यात गुण दिसला होता, पण फक्त काटेकोर प्रयोग निवडून बघितलं तेव्हा तो बराच लहान झाला होता. असल्या प्रयोगांत एक अडचण कायमची असते. गोळी कुठली आणि खोटी गोळी कुठली हे रुग्णापासून लपवता येतं. आपण चालतोय हे चालणाऱ्यापासून कसं लपवणार?

आणि आणखी एक गोष्ट मला स्वतःला जाणवली. व्यायामाच्या प्रयोगात नाव द्यायला जो माणूस येतो, तो निदान तिथवर आलेला असतो. परातीसमोर बसून राहिलेली बाई त्या २१८ प्रयोगांत कितपत असेल? म्हणून माझं ठाम मत आहे, की तीव्र नैराश्यात व्यायाम हा जोडीचा उपचार आहे. त्याला उठून उभं राहण्यापुरता आधार आधी गोळीनं आणि माणसांनी द्यावा लागतो, मग तो आपलं काम करतो, आणि चांगलं करतो.

हे मत पक्कं झालं ते पुढच्या आषाढात. सीझन संपला आणि पुन्हा पहाटे तीनला जाग यायला लागली. गोळी चालू, चालणं चालू, वहीत एक दिवस कोरा नाही, तरी आजारानं पुन्हा डोकं वर काढलं. आधी झोप गेली, मग भूक, आणि सगळ्यात शेवटी चालणं सुटलं. नातेवाइकांनी मात्र क्रम उलटा लावला, 'बघ, चालणं सोडलंस म्हणून झालं हे.' शेगावची गजानन महाराजांची पालखी तेव्हा शहरातनं पंढरपूरकडे निघाली होती. जवळची एक बाई मला म्हणाली, 'ती म्हातारी माणसं विदर्भापासनं पायी येताहेत आणि तुला गल्लीत चालवत नाही?' ती माझ्यावर माया करणारी बाई आहे. पण हे वाक्य माझ्या जिव्हारी लागलं, कारण मी स्वतःला दिवसभर तेच म्हणत होते. हे कुणाही नैराश्यातल्या माणसाला म्हणू नका, एवढी हात जोडून विनंती आहे. वारकऱ्याचे पाय आणि माझे पाय सारखेच होते. त्यांना हलायला सांगणारं जे असतं, तेच आजारी होतं.

त्याच दिवसांत एका संध्याकाळी मनात आलं, की आपण नसलो तर या सगळ्यांचं सोपं होईल. डॉक्टर बाईंनी पहिल्याच भेटीत सांगून ठेवलं होतं, असा विचार आला तर तेव्हा फिरायला जायचं नाही, एकटं राहायचं नाही, लगेच कुणाला तरी बोलायचं. नवरा रात्रपाळीला होता. मी मुलीला शेजारी बसवलं आणि १४४१६ ला फोन लावला. ही टेली-मानस सेवा केंद्र सरकारनं ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केली आहे, चोवीस तास, मोफत, आणि मराठीत बोलता येतं. पलीकडच्या बाईंनी मला व्यायाम सुचवला नाही, उपदेश केला नाही. आत्ता घरात कोण आहे, गोळ्यांचा डबा कुठं आहे, उद्या डॉक्टरांकडे कोण नेणार, एवढं विचारलं आणि बोलत ठेवलं. अक्का आल्या, डबा आपल्या घरी घेऊन गेल्या आणि रात्री आमच्याकडेच झोपल्या.

सकाळी डॉक्टरांनी गोळीचा डोस वाढवला, काही दिवस रोज परत यायला लावलं. चालण्याची ओळ त्यांनी खोडली नाही. बदलली. 'चालणे, ५ मिनिटे, अंगणात.' अर्ध्या तासावरनं पाच मिनिटांवर येताना मला हरल्यासारखं वाटलं असतं, पण त्या म्हणाल्या, 'साखर वाढली तर इन्सुलिन वाढवतात, आणि तेवढ्या दिवसांपुरतं पथ्यही बदलतात. त्यात पेशंटला कुणी नापास म्हणतं का?' श्रावण संपेपर्यंत आम्ही पुन्हा तलावापाशी पोचलो होतो. या वेळी चढ लवकर चढला. बूट घालून बसण्यापासनं पुढची प्रत्येक पायरी शरीराला ठाऊक होती.

तेव्हापासून एका प्रश्नाला माझं उत्तर ठरलेलं आहे. 'आता एवढं चालतेस, मग गोळ्या कशाला?' असं आजही महिन्यातनं एकदा तरी कुणीतरी विचारतं. बरं वाटायला लागल्यावरही निदान सहा महिने गोळी चालू ठेवतात, आजार उलटला असेल तर त्याहून बरीच जास्त, आणि थांबवायची ती डॉक्टरांनी, हळूहळू कमी करत. मी एवढं सांगते आणि थांबते. ज्यांना खरंच कुणासाठी तरी माहिती हवी असते, ते पुढं विचारतात, आणि त्यांच्याशी मी तासभरही बोलते.

कारखान्यातल्या शिलाईच्या खात्यातली एक मुलगी अशीच बोलायला आली. तिची आई महिनाभर खोलीबाहेर आलेली नाही. 'आईला चालायला सांगू का?' तिनं विचारलं. मी म्हणाले, आधी डॉक्टरला दाखव, रक्त तपासा. सरकारी दवाखान्यात मानसोपचाराची ओपीडी असते, तिथं केसपेपर काढायला फार पैसे लागत नाहीत. जुना काही हृदयाचा, गुडघ्याचा त्रास असेल तर तोही सांग. आणि त्यांनी चालायला सांगितलं, तर आईला 'चाल' म्हणू नकोस. वेळ ठरव आणि स्वतः चपला घालून दारात उभी राहा. ती नाही आली तर पायरीवर बस. दुसऱ्या दिवशी परत जा. ती म्हणाली, 'मी शिफ्टला जाते, रोज कसं जमणार?' मग आम्ही दोघींनी जेवणाच्या सुट्टीत तिच्या घरची माणसं मोजली. मामी आहे, चुलत बहीण आहे, खालच्या मजल्यावरच्या काकू आहेत. वारांप्रमाणे नावं लिहिली. तिनं कागद पर्समध्ये ठेवला.

माझे गुण या वेळच्या प्रश्नावलीत ४ भरले. पाचाच्या आत म्हणजे लक्षणं जवळपास नाहीत. डोस अजून तोच आहे. पुढच्या सीझननंतर कमी करायचा विचार करू, असं डॉक्टर बाई म्हणाल्या, कारण माझा घसरणीचा काळ त्यांनी आता ओळखून ठेवलाय. या भेटीत एक नवी गोष्ट निघाली. अक्का दोन महिन्यांसाठी लेकीकडे हैदराबादला चालल्यात, बाळंतपण आहे. ते मी सहज सांगितलं, तर डॉक्टर बाई पेन घेऊन पुन्हा तशाच थांबल्या. 'मग सोबत कोण?' मुलीची दहावी आहे, सकाळचा अभ्यास मोडायचा नाही. नणंद जुळे सोलापूर भागात राहते, ती मंगळवार-शुक्रवार स्कूटीवर येईन म्हणाली. नवऱ्यानं दुसरी पाळी असलेल्या आठवड्यांची जबाबदारी घेतली. पाण्याच्या दिवशी संध्याकाळी मुलगी. बाई सगळं लिहीत गेल्या, एक रविवार उरला. 'रविवारी सुट्टी,' त्या म्हणाल्या आणि चिठ्ठीवर तारीख घातली.